'दोन घंट्यापासून वाट पाहून राहिलो' हे इंग्रजीत कसं सांगायचं

आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी सात ते साडेआठ मी पोट्ट्यांचं इंग्रजी घेतो. दारव्ह्याकडचं गाव आहे, लाइन असली तर पंख्याखाली नाहीतर ओट्यावर बसतो. येणारे सगळे प्रकारचे आहेत, बारावीवाले, आयटीआयवाले, एक आशाताई, दोघं जण नोकरीच्या मुलाखती देऊन राहिले. टेन्सचे बारा तक्ते सगळ्यांना पाठ आहेत आणि तरी "कधीपासून?", "किती वेळ?", "कधीपर्यंत?" एवढे तीन प्रश्न आले की सगळे एकाच जागी अडतात. त्यात त्यांची अक्कल कमी आहे असं अजिबात नाही. आपल्या मराठीत जिथे एका शब्दात काम भागते तिथे इंग्रजीत दोन-तीन शब्द लागतात, आणि हे त्यांना कोणी मराठीतून नीट सांगितलेलंच नसते. म्हणून मी वर्गात जसं सांगतो तसं इथे लिहितो, तक्ता नाही, आपल्या बोलीवरूनच जाऊ.

पहिला शब्द पासून. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून इथे जास्त वेळ घालवतो.

आपण म्हणतो "दोन वाजल्यापासून बसलो" आणि आपणच म्हणतो "दोन घंट्यापासून बसलो". दोन्हीकडे पासून. मग पोरगं दोन्हीकडे सिन्स लावून देते, "सिन्स टू ओक्लॉक" बरोबर येते पण "सिन्स टू अवर्स" चुकते. तिथे पाहिजे "फॉर टू अवर्स". आता हे ओळखायचं कसं, तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवतो. पासूनच्या आधी जे आलं त्यावर तुम्हाला एका जागी बोट ठेवता येते का? सोमवार, पोळा, १५ ऑगस्ट, सकाळ, लग्नाचा दिवस, या सगळ्यावर बोट ठेवता येते, म्हणजे ती खूण आहे, तिथे सिन्स. आणि जर बोट ठेवता येत नसेल, घरं मोजावी लागत असतील, एक दोन तीन चार, तर ती मोजणी आहे, तिथे फॉर. चार दिवस, तीन महिने, दहा वर्ष, बराच वेळ, हे सगळं मोजणीत. खूण की मोजणी, एवढंच विचारायचं, दुसरं काही नाही.

पोळ्यापासून ताप आहे, "सिन्स पोळा". चार दिवसापासून ताप आहे, "फॉर फोर डेज". मिरगापासून पाऊस नाही, आता इंग्रजीवाल्याला मिरग काय कळणार, मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते म्हणून "सिन्स अर्ली जून" म्हणा. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं, ते आजही चालू आहे, हे सांगायचं तर "सिन्स नाइन्टीन फोर्टी-नाइन", आणि तेच वर्ष मोजून सांगायचं तर "फॉर ओव्हर सेव्हन्टी-फाइव्ह इयर्स". गोष्ट एकच, बोट ठेवलं की सिन्स, मोजलं की फॉर.

यात एक फसवणारी जागा आहे, गेल्या हा शब्द. "गेल्या वर्षीपासून" आणि "गेल्या दोन वर्षांपासून" ऐकायला जुळ्या भावासारखे आहेत. पहिल्यात गेलं वर्ष म्हणजे एक ठिकाण आहे, बोट ठेवता येते, म्हणून "सिन्स लास्ट इयर". दुसऱ्यात दोन वर्ष मोजावे लागतात म्हणून "फॉर द लास्ट टू इयर्स". अर्जांमध्ये मी सर्रास "सिन्स लास्ट टू इयर्स" पाहतो, शिकल्यासवरल्या लोकांच्याही, इतकं की आता ते कानाला खटकतच नाही, पण बाहेरच्या माणसाच्या कानाला खटकते. तसंच "सिन्स मॉर्निंग" आपल्याकडे सगळे म्हणतात, इंग्लंडचा माणूस मात्र "सिन्स धिस मॉर्निंग" म्हणतो, आजची सकाळ, कोणती तरी नाही.

खुणेच्या जागी अख्खं वाक्यही येऊ शकते. लहानपणापासून, "सिन्स आय वॉज अ चाइल्ड". लग्न झालं तेव्हापासून, "सिन्स आय गॉट मॅरीड". यात आतलं वाक्य साध्या भूतकाळात राहते.

आणि पासूनचा तिसरा चेहरा, उद्यापासून. "उद्यापासून क्लासला येतो" यात सिन्स कधीच चालत नाही, कारण सिन्स मागून आतापर्यंत येते, पुढे जात नाही. तिथे "फ्रॉम टुमॉरो" किंवा "स्टार्टिंग टुमॉरो". दोन टोकं सांगायची असली तरी फ्रॉम, "फ्रॉम नाइन टू फाइव्ह", "फ्रॉम मंडे टू फ्रायडे". अमेरिकेतले लोक "मंडे थ्रू फ्रायडे" म्हणतात, त्यात शुक्रवार धरलेला असतो हे पक्कं समजते, म्हणून तो शब्द मला आवडतो.

आता आपल्या राहिलोकडे या.

आपण विदर्भातले लोक "करून राहिलो, जाऊन राहिलो, पाहून राहिलो" म्हणतो. पुण्या-मुंबईकडे यावर हसतात, मी पोरांना सांगतो की याची लाज बिलकुल बाळगू नका, हेच तुम्हाला इंग्रजीत उपयोगी पडते. "मी वाट पाहून राहिलो" हे नुसतं असेल तर "आय ॲम वेटिंग". पण त्यात पासून आलं, "मी दोन घंट्यापासून वाट पाहून राहिलो", की ॲम सोडायचं आणि "हॅव बिन" घ्यायचं, "आय हॅव बिन वेटिंग फॉर टू अवर्स". पासून अधिक राहिलो बरोबर हॅव बिन आणि शेवटी इंग. बस. हे सूत्र मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे, पुसूच देत नाही. परफेक्ट कन्टिन्युअस असं नाव घेतलं की पोरं घाबरतात, राहिलो म्हटलं की लगेच जमते. आशाताईंनी पहिल्याच दिवशी "शी हॅज बिन टेकिंग आयर्न टॅब्लेट्स फॉर थ्री मंथ्स" असं अख्खं वाक्य बोललं होतं आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

जिथे राहिलो येत नाही, नुसतं आहे येते, तिथे "हॅव बिन" किंवा "हॅव" आणि तिसरं रूप. तीन दिवसापासून आजारी आहे, "ही हॅज बिन सिक फॉर थ्री डेज". त्याला मी दहावीपासून ओळखतो, "आय हॅव नोन हिम सिन्स टेन्थ". इथे आपण मराठीत ओळखतो असा वर्तमानकाळ वापरतो म्हणून पोरं "आय नो हिम सिन्स टेन्थ" म्हणतात, ते चुकते.

फॉर मध्ये एक गोष्ट मुलाखतीला जाणाऱ्यांनी फार जपायची. फॉर हा शब्द फक्त किती ते सांगतो, काम संपलं की चालू आहे ते नाही सांगत, ते क्रियापद सांगते. "आय वर्क्ड इन अ जिनिंग फॅक्टरी फॉर थ्री इयर्स" म्हणजे तीन वर्ष केलं, आता सोडलं. "आय हॅव वर्क्ड इन अ जिनिंग फॅक्टरी फॉर थ्री इयर्स" म्हणजे अजूनही तिथेच आहे. आमच्यातल्या एका पोराने काम सोडलं होतं आणि मुलाखतीत हॅव वर्क्ड म्हटलं, समोरच्यांनी विचारलं मग नोटीस पिरियड किती, तो गोंधळला आणि त्यांना वाटलं काही लपवून राहिला. एका हॅवने एवढं होते.

आणखी एक रचना आपल्या तोंडी रोज असते, "बाबा जाऊन दोन वर्ष झाले", "पाऊस येऊन महिना झाला". याला "इट्स बिन" लावा, "इट्स बिन टू इयर्स सिन्स माय फादर पास्ड अवे", "इट्स बिन अ मंथ सिन्स इट रेन्ड". आधी मोजणी, मग सिन्स, मग काय घडलं ते साध्या भूतकाळात. नुसतं "इट्स बिन अ लॉन्ग टाइम" म्हटलं तरी लय दिवस झाले भेटून, हा अर्थ पोचतो.

विचारायचं कसं तेही सांगतो. किती वेळ, किती दिवस, कधीपासून, या सगळ्याला एकच, "हाऊ लॉन्ग". "हाऊ लॉन्ग हॅव यू बिन हियर?" आपल्याकडे "सिन्स हाऊ लॉन्ग" म्हणायची सवय आहे, त्यातला सिन्स काढून टाका. "सिन्स व्हेन" हा प्रयोग आहे, पण आवाज जरा चढला की तो "कवापासून बे?" असा जाब विचारल्यासारखा वाटू शकतो, म्हणून अनोळखी माणसाला, साहेबाला हाऊ लॉन्गच बरं.

पर्यंत

पासूनमध्ये वाक्य नुसतं कानाला खटकते, पर्यंतमध्ये अर्थच उलटा होऊन जातो म्हणून हे मला जास्त महत्त्वाचं वाटते.

"सोमवारपर्यंत इथेच थांब" आणि "सोमवारपर्यंत फॉर्म भर". मराठीत दोन्हीकडे पर्यंत. पहिल्यात थांबणं सोमवार येईपर्यंत चालूच राहते, दुसऱ्यात फॉर्म एकदाच भरायचा, फक्त सोमवार उलटायच्या आत. चालू राहणारं असेल तर अन्टिल किंवा टिल, एकदाच उरकायचं असेल तर बाय. "स्टे हियर अन्टिल मंडे", "फिल इन द फॉर्म बाय मंडे". सरकारी कागदावर बायच्या जागी "ऑन ऑर बिफोर" लिहितात, म्हणजे त्या तारखेला किंवा आधी.

आमच्याकडचा एक पोरगा ऑनलाइन डाटा एंट्रीचं काम घेते. परदेशातल्या माणसाने विचारलं काम कधी होईल, याला सांगायचं होतं सोमवारपर्यंत करून देतो, आणि याने टाइप केलं "आय विल वर्क अन्टिल मंडे". त्या माणसाला वाटलं हा सोमवारनंतर काम सोडणार, त्याने उरलेलं काम दुसऱ्याला देऊन टाकलं. पोराचे महिन्याचे पैसे गेले. "आय विल फिनिश इट बाय मंडे" एवढं लिहिलं असतं तर झालं असतं. त्या दिवसापासून मी पर्यंत शिकवताना घाई करत नाही, दोन दिवस त्याच्यावरच घालवतो.

ओळखायची खूण अशी की मराठी वाक्यात पर्यंतच्या जागी "च्या आत" घालून पाहा. "सोमवारच्या आत फॉर्म भर" जमते, म्हणजे बाय. "सोमवारच्या आत थांब" जमत नाही, म्हणजे अन्टिल.

अन्टिलची दुसरी भानगड नाहीची आहे. कृषी विभाग दरवर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. आपण तेच बोलताना म्हणतो, "जोपर्यंत पाऊस येत नाही तोपर्यंत पेरू नका". मोजा, दोन वेळा नकार आला, येत नाही आणि पेरू नका. इंग्रजीत नकार एकदाच, "डोन्ट सो अन्टिल इट रेन्स". "अन्टिल इट डझ नॉट रेन" असं म्हटलं तर पाऊस बंद होईपर्यंत पेरू नका असा भलताच अर्थ निघते, कास्तकाराचं बियाणं वाया जाईल त्या वाक्याने. आणि अन्टिलनंतर विलही नाही लावायचं, उद्या-परवाचा पाऊस असला तरी "अन्टिल इट रेन्स" असंच.

टिल आणि अन्टिल दोन्ही एकच, टिल म्हणजे अन्टिलचं तोडलेलं रूप असं बऱ्याच जणांना वाटते पण भाषेत टिल हाच जुना शब्द आहे. बोलताना टिल, अर्जात अन्टिल, असं ठेवा.

दिवसभर, रात्रभर, घंटाभर

भर हा आपला फार गोड प्रत्यय आहे, आणि इंग्रजीत त्याला ऑल आहे. दिवसभर "ऑल डे", रात्रभर "ऑल नाइट", सकाळभर "ऑल मॉर्निंग", उन्हाळाभर "ऑल समर". यात फॉर लावायचा नाही, "फॉर ऑल डे" कोणी म्हणत नाही. द पण नाही लागत. जास्त जोर द्यायचा असेल, दिवसाचा दिवस, अख्खी रात्र, तर "द होल डे", "ऑल नाइट लॉन्ग". वर्षभर म्हणायला "ऑल इयर राउंड" छान आहे, विहिरीला वर्षभर पाणी असते, "द वेल हॅज वॉटर ऑल इयर राउंड". घंटाभर मात्र वेगळं, तिथे नुसतं "फॉर ॲन अवर", आणि ॲनच, कारण उच्चार अवर आहे, ह ऐकू येत नाही.

रातोरात साठी "ओव्हरनाइट". मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस रात्रीतून पोचवते म्हणून ती "ॲन ओव्हरनाइट ट्रेन", आणि भाव रातोरात पडले तर "प्रायसेस फेल ओव्हरनाइट", इथे खरंच एका रात्रीत असलंच पाहिजे असं नाही, पाहता पाहता असा अर्थ घ्यायचा. दिवसेंदिवस वाढते किंवा कमी होते असं असेल तर "डे बाय डे". तेच ते रोज रोज होऊन राहिलं आणि जीव कंटाळला असेल तर "डे आफ्टर डे" किंवा "डे इन, डे आउट".

आता दीड, अडीच, सव्वा, पाऊण. आपल्याकडे किती सुंदर शब्द आहेत, इंग्रजीला हे सगळं जोडून जोडून म्हणावं लागते. अर्धा घंटा "हाफ ॲन अवर". पाऊण घंटा "फोर्टी-फाइव्ह मिनिट्स", किंवा "थ्री क्वार्टर्स ऑफ ॲन अवर". सव्वा घंटा "ॲन अवर अँड अ क्वार्टर". दीड घंटा "ॲन अवर अँड अ हाफ", हे कानाला "वन अँड हाफ अवर" पेक्षा कितीतरी बरं लागते. अडीच "टू अँड अ हाफ अवर्स", त्यातला छोटा अ विसरू नका.

आणि एक गोष्ट जी मी कोणत्याच पुस्तकात पाहिली नाही पण दरवेळेस घात करते. आपण "आठ दिवसांनी ये" म्हणतो तेव्हा सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारी येते, म्हणजे मोजले तर सातच दिवस. आपण दोन्ही टोकं धरतो. "पंधरा दिवस" म्हणजेही दोन आठवडे, चौदा दिवस. त्यामुळे "आफ्टर एट डेज" असं भाषांतर केलं तर समोरचा मंगळवार धरून बसेल. आठ दिवस म्हणजे "अ वीक", पंधरा दिवस म्हणजे "टू वीक्स". पंधरवड्याला ब्रिटिश इंग्रजीत "फोर्टनाइट" असा खास शब्द आहे, तो जुन्या इंग्रजीतल्या चौदा रात्री या शब्दांवरून आला, ते लोक रात्री मोजत. अमेरिकेत तो फार चालत नाही, तिथल्या माणसाशी टू वीक्सच बोला.

दोन-चार दिवस याला "अ फ्यू डेज", अ हवाच, अ काढला तर फार थोडे, नसल्यासारखेच, असा सूर येते. दोनेक दिवस "अ कपल ऑफ डेज".

एस कुठे जातो

पाच दिवसांची टेस्ट मॅच, नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर होते ती, "फाइव्ह-डे टेस्ट". पन्नास ओव्हरची मॅच "फिफ्टी-ओव्हर मॅच". कॉमेंट्री ऐकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, "फाइव्ह डेज टेस्ट" असं कोणी म्हणत नाही. वेळेचे शब्द नामाच्या आधी चिकटून विशेषण झाले की एस गळून पडतो. जेएस ३३५ सोयाबीन साधारण पंच्याण्णव ते शंभर दिवसात येते, म्हणजे "अ हंड्रेड-डे व्हरायटी". नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे, आठेक घंट्यांचा प्रवास, "ॲन एट-अवर ड्राइव्ह". गांधीजी १९३० मध्ये साबरमतीहून दांडीला चालत गेले ती "ट्वेन्टी-फोर-डे मार्च", चोवीस दिवसांची यात्रा, पण तेच मोकळं सांगायचं तर "द मार्च लास्टेड ट्वेन्टी-फोर डेज", इथे डेज मोकळा आहे म्हणून एस परत आला.

बैल पाच वर्षांचा आहे याचेही तसेच दोन प्रकार, "द बुलक इज फाइव्ह इयर्स ओल्ड" आणि "अ फाइव्ह-इयर-ओल्ड बुलक". अनुभवाला मात्र विशेषण करू नका, "थ्री इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स", बायोडाटात हेच शोभते.

वर लास्टेड आलं, त्याचं सांगून देतो. आपलं लागणे म्हणजे टेक, आपलं टिकणे, चालणे, पुरणे म्हणजे लास्ट. यवतमाळला जायला घंटा लागते, "इट टेक्स ॲन अवर टु गेट टु यवतमाळ". मोबाइलची बॅटरी दोन दिवस टिकते, "द बॅटरी लास्ट्स टू डेज". घालवणे म्हणजे स्पेंड, "आय स्पेन्ट थ्री इयर्स इन अमरावती", यात फॉर लागत नाही.

दहा मिनिटांनी आणि दहा मिनिटांत

आपण "आफ्टर टेन मिनिट्स आय विल कम" म्हणतो. समजते समोरच्याला, पण इंग्रजी माणूस आतापासून पुढे मोजताना इन वापरतो, "आय विल कम इन टेन मिनिट्स". आपल्याला वाटते इन म्हणजे आत, म्हणजे दहाच्या आतच येणार, तसं नाही, दहा मिनिटं झाल्यावर. पण काम किती वेळात उरकलं हे सांगतानाही हाच इन, "वुई पिक्ड द कॉटन इन टू डेज", दोन दिवसांत वेचणी उरकली. संदर्भावरून कळते. खरोखरची मुदत, याच्या पलीकडे नाही, असं सांगायचं तर विदिन. पीक विम्याच्या केंद्राच्या नियमात गारपीट, अतिवृष्टीसारखं नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवायचं असं असते, ते इंग्रजी कागदावर "विदिन सेव्हन्टी-टू अवर्स" लिहिलेलं दिसेल, तिथे घोळ घालून चालत नाही.

ड्युरिंग, व्हाइल आणि फॉर यांची गल्लत थोडक्यात. ड्युरिंगपुढे नाव येते, "ड्युरिंग द मॉन्सून". व्हाइलपुढे वाक्य, "व्हाइल वुई वर सोइंग". फॉरपुढे मोजणी. ताडोब्याचा कोर भाग पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असते, एकाच वाक्यात दोन्ही बसते, "इट इज क्लोज्ड फॉर थ्री मंथ्स ड्युरिंग द मॉन्सून". "ड्युरिंग थ्री मंथ्स" नाही म्हणायचं.

छोटे छोटे तुकडे

खरं बोलणं या तुकड्यांवरच चालते, आणि यातला व्हाइल हा एकटा शब्द किती कामं करते पाहा. "फॉर अ व्हाइल" थोडा वेळ, काही दिवस. "इन अ व्हाइल" जराशाने. "अ व्हाइल अगो" मघाशी, मागे. "वन्स इन अ व्हाइल" एखाद्या वेळेस. "क्वाइट अ व्हाइल" मात्र बराच वेळ, क्वाइट लागला की वेळ वाढते. "इट्स बिन अ व्हाइल" म्हणजे लय दिवस झाले.

सध्यापुरतं म्हणायला "फॉर नाऊ" किंवा "फॉर द टाइम बीइंग". आतापर्यंत "सो फार". अधूनमधून "ऑन अँड ऑफ", पाऊस आठवडाभर येऊन जाऊन आहे, "इट हॅज बिन रेनिंग ऑन अँड ऑफ ऑल वीक". कायमचं "फॉर गुड", यात गुड असूनही चांगल्याशी काही संबंध नाही. गाव कायमचं सोडून गेला, "ही लेफ्ट द व्हिलेज फॉर गुड". हे वाक्य वर्गात आलं की पोरं गप्प होतात, प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी तसं गेलेलं आहे.

कधीचा, कवाचा, लय दिवसांचा याला "फॉर एजेस". नकार असला तर "इन एजेस" पण चालते, "आय हॅवन्ट सीन यू इन एजेस". ब्रिटिश लोक घरगुती बोलण्यात "फॉर डॉन्कीज इयर्स" म्हणतात, गाढवाची वर्षं म्हणजे युगानुयुगं, गाढवाच्या लांब कानांवरून तो शब्दांचा खेळ झाला असं सांगतात. आणि "टिल द काऊज कम होम" ऐकलं तर फसू नका. आपल्या गायी दिवस बुडताना घरी येतात म्हणून आपल्याला वाटते सांजेपर्यंत, पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ अंत नाही इतका वेळ असा आहे, किती का बोलेनास, काही फरक पडत नाही, अशा ठिकाणी वापरतात.

थोडक्या वेळासाठी "जस्ट अ मिनिट", "इन अ सेक", "इन नो टाइम". आपलं "दोन मिनिट थांब" जसं खरंच दोन मिनिट नसते तसंच त्यांचंही आहे.

ऐकताना एक अडचण येते ती सांगतो. बोलताना फॉर पूर्ण ऐकू येतच नाही, तो फर होऊन पुढच्या शब्दाला चिकटते, "फरअव्हाइल", "फरॅनावर". हॅवचं नुसतं व्ह राहते, "आय्व्ह बिन". पोरांना वाटते आपल्याला शब्दच माहीत नाही, माहीत असते, फक्त चिकटलेलं असते. म्हणून तुकडा अख्खा पाठ करा, सुटा शब्द नाही. कित्येकदा तर फॉर गळूनही जाते, "आय वेटेड टू अवर्स" असंही लोक म्हणतात आणि ते बरोबर आहे.

सराव आम्ही असा करतो. एसटीची वाट पाहताना मोबाइलवर स्वतःचं एक मिनिट रेकॉर्ड करायचं, तीनच वाक्यं, किती वेळापासून उभा आहे, गाडी कधीपर्यंत यायला पाहिजे, पोचायला किती लागेल. "आय्व्ह बिन स्टँडिंग हियर फॉर हाफ ॲन अवर. द बस शुड बी हियर बाय नाइन. इट टेक्स फोर्टी मिनिट्स टु गेट टु दारव्हा." रोज आकडे बदलतात म्हणून वाक्य पाठांतराचं होत नाही. संध्याकाळी वाचनालयात ते रेकॉर्डिंग एकमेकांना ऐकवायचं, ज्याने सिन्स आणि फॉरची गल्लत केली त्याने कॅलेंडरजवळ जायचं आणि बोट ठेवून दाखवायचं, ठेवता येते का, की मोजावं लागते.